गॅस 'संपतो' म्हणजे काय?

मार्च उजाडला की आमच्या कोपरीत घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं. "साहेब, गॅस कमी झालाय, टॉप-अप मारावा लागेल." आणि आपण इंजिनीअरिंग वगैरे केलेली मंडळी मुकाट्याने पाकीट काढतो. का बुवा?

अहो, एसीतला गॅस म्हणजे स्कूटरमधलं पेट्रोल नव्हे! तो जळत नाही, बंद नळ्यांतून फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. गळती न शोधता तो भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. त्यात आपण खाडीकाठचे. खाऱ्या हवेत कॉइल लवकर सडते.

बरं, गॅस कमी आहे हे ठरवलं कसं? मीटर लावून, नुसता दाब बघून. माझं भांडण इथेच आहे. गॅस कमी असला तरी दाब उतरतो आणि फिल्टर धुळीने तुंबला तरी उतरतो. मग ओळखायचं कसं? दाबावरून गॅस किती अंशांना उकळतोय ते कळतं. कंप्रेसरकडे परतणाऱ्या जाड नळीला थर्मामीटर लावायचा. गॅस ८ अंशांना उकळतोय आणि नळी १४ अंशांवर, तर फरक ६. याला म्हणतात सुपरहीट. हा फरक २०च्या घरात गेला तर गॅस अपुरा पडतोय, कंप्रेसर तापणार. (आर-३२ तर आर-२२ पेक्षा जास्तच तापतो.) फरक शून्याकडे आला तर द्रव कंप्रेसरकडे निघालाय. तेव्हा फिल्टर धुवायचा सोडून वर आणखी गॅस भरला की कंप्रेसरचं वाटोळं!

लॉग न वाचता सर्व्हर रिस्टार्ट करणाऱ्याला आपण ऑफिसात काय म्हणतो? इथे मात्र चालतं.

मेकॅनिकला शिव्या घालून उपयोग नाही. भर उन्हात सातव्या मजल्यावरच्या ग्रिलला लटकणारा तोच असतो. आपण पैसे गॅसचे देतो, निदानाचे देत नाही; मग तो गॅसच विकणार. आणि गळलेला गॅस जातो कुठे? हवेत. १ किलो आर-३२ हवा तापवतो सुमारे ६७५ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी. असले गॅस कमी करण्याच्या किगाली कराराला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली. कोपरीत मात्र टॉप-अप चालूच.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी बिलावर तीन गोष्टी लिहून मागा: दाब, नळीचं तापमान आणि गळतीची जागा. तपासणीचे वेगळे पैसे द्या, खुशाल द्या. नव्या कंप्रेसरपेक्षा स्वस्तच पडतील.