पशुवैद्यकाची तयारी गोठ्यापासून

मुलगा वकील व्हावा, तहसीलदार व्हावा, अशी इच्छा आपणां शेतकऱ्यांस असते; ‘ढोरडॉक्टर’ हा शब्द मात्र अजून हिणवून उच्चारिला जातो. म्हैस विण्यास अडली म्हणजे मध्यरात्रीं वाट आपण त्याचीच पाहतों.

मुंबईस परळ येथें १८८६ सालीं पशुवैद्यक महाविद्यालय निघालें. आज नागपूर, परभणी, उदगीर व शिरवळ येथेंही तशीं महाविद्यालयें आहेत. प्रवेशासाठीं बारावीस भौतिक, रसायन, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय आणि ‘नीट’ परीक्षा हवी; पुढें वर्षभराच्या उमेदवारीसह साडेपांच वर्षें अभ्यास.

या परीक्षेच्या धास्तीनें हुशार मुलांस गोठ्यापासून दूर ठेवणें आम्हांस चुकीचें वाटतें. येथें रोगी मुका असतो. रवंथ थांबला, कान थंड पडले, शेण बदललें, हें ज्यास प्रथम दिसतें तोच खरा वैद्य. २०२२ सालच्या लंपीच्या सांथींत अंगावरील पहिली गांठ ओळखून जनावर वेगळें बांधण्याचें मोल आपण पाहिलेंच.

यास्तव सुटींत मुलामुलींस धार, वेत व औषधपाणी यांत जवळ उभें करावें. जीवशास्त्र मग परकें वाटणार नाहीं. आणि पदवीनंतर तालुक्याचा दवाखाना शहरांतील श्वानालयाहून हलका मानूं नये, हें वळणही घरांतच लागावें.