सही करण्यापूर्वी हे इंग्रजी शिका

कारध्याला वैनगंगेच्या पुलावर पाण्याची पातळी मोजतात. २४५.५० मीटर हा आकडा कानावर आला की सामान हलवायला लागायचे, हे तिथल्या लहान पोरालाही सांगावे लागत नाही. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस आलेल्या महापुराने तर ते सर्वांच्या मनावर कोरले. पण याच गावातले आमचे एक वेल्डिंगवाले चाचा दुसऱ्याच एका धोक्याच्या रेषेवर सही करून बसले. ती रेषा त्यांना दिसली नाही, कारण ती इंग्रजीत होती.

शेजारच्या दुकानदाराने कर्ज काढले होते. "चाचा, फक्त एक सही लागते," म्हणून तो त्यांना सोबत घेऊन गेला. आपण साक्षीदार आहोत असे समजून चाचांनी चार ठिकाणी सह्या केल्या. कागदावर शब्द होता 'गॅरेंटर'. पुढे हप्ते थकले आणि नोटीस चाचांच्या दारात आली. "मी तर एक रुपया घेतला नाही," असे ते आम्हाला पुन्हा पुन्हा सांगत होते. खरेच होते ते. पण १८७२ च्या करार कायद्याचे कलम १२८ म्हणते की, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची देणेदारी मूळ कर्जदाराइतकीच असते.

याच चाचांना कोणी "मला जामीन राहता का?" असे विचारले असते, तर त्यांनी घरात सल्ला घेतला असता, चार दिवस मागून घेतले असते. जामीन या शब्दाचे वजन आपल्याला वाडवडिलांपासून ठाऊक आहे. 'गॅरेंटर' मात्र पंख्याच्या गॅरंटीसारखा वाटला.

इंग्रजी बोलायला शिकवणारे क्लास आता तालुक्याच्या गावीही निघाले आहेत. तिथे मुलाखत कशी द्यावी, पाहुण्यांशी कसे बोलावे हे शिकवतात. शिकवू द्या, आमची तक्रार नाही. पण व्यापाऱ्याला आणि कारागिराला लागणारे इंग्रजी वेगळे आहे. कागदावर माझी जागा कोणती आणि त्या जागेसोबत माझ्या डोक्यावर काय येते, हे सांगणारे शब्द त्याला हवेत.

आपल्याच 'जबाबदार' शब्दाचे बघा. जो जबाब देतो तो जबाबदार. इंग्रजीतला 'रिस्पॉन्सिबल'ही उत्तर देण्यावरूनच आला आहे. पण तिथे त्याच्या शेजारी आणखी दोन शब्द बसलेले असतात, 'अकाउंटेबल' आणि 'लायेबल'. मराठीत आपण तिन्हींना जबाबदारच म्हणतो आणि इथेच फसतो. काम ज्याच्याकडे सोपवले तो रिस्पॉन्सिबल. त्या कामाचा जाब आणि हिशेब ज्याला द्यावा लागतो तो अकाउंटेबल. आणि कायद्याने ज्याच्याकडून वसुली होते तो लायेबल. दुकानातला मुनीम पहिला असतो, दुसराही असू शकतो. तिसरा बहुतेक वेळा मालकच.

मालक म्हणजे तरी कोण? आपल्याकडे धंदा भाऊ चालवतो आणि जीएसटीचा नंबर भाभींच्या नावावर असतो. त्या माउलीला 'प्रोप्रायटर' म्हणजे काय, हे कोणी समजावले आहे का? भाऊ 'ऑथराइज्ड सिग्नेटरी' म्हणून सह्या करतो, पण थकबाकी निघाली तर ती भाभींची. 'स्लीपिंग पार्टनर' म्हणून थोरल्या भावाचे नाव घालतात तेही तसेच. भागीदार झोपलेला असला तरी १९३२ च्या भागीदारी कायद्याचे कलम २५ झोपत नाही. फर्मच्या देण्याला प्रत्येक भागीदार सर्वांसोबतही बांधलेला असतो आणि एकटाही. जमातीच्या संस्थांवर 'ट्रस्टी' म्हणून मिरवणाऱ्यांसाठी तर आपल्याकडे नेमका शब्द आहे, अमानतदार. तो उच्चारला की मिरवणे आपोआप कमी होते.

कोणी म्हणेल, कागदच मराठीत का देत नाहीत? द्यायलाच हवेत. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२४ च्या परिपत्रकानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जे आणि छोट्या उद्योगांची मुदत कर्जे देताना, व्याज आणि सर्व खर्च दाखवणारे मुख्य माहितीपत्रक कर्जदाराला समजेल अशा भाषेत देणे बंधनकारक आहे. ते मागून घ्या, लाजू नका. पण सही होते ती मूळ करारनाम्यावर, आणि तो अजून बहुधा इंग्रजीतच असतो. तेव्हा मराठीचा आग्रह धरा आणि हे पन्नासेक शब्दही शिकून घ्या. आमच्या मते इतके पुरे आहेत. डिक्शनरी पाठ करण्याचे काम नाही.

चाचांची मुलगी नववीत आहे. नोटिशीनंतर तिने एक वही केली असून घरात येणाऱ्या प्रत्येक कागदावरचा असा शब्द ती उतरवते आणि समोर मराठी किंवा उर्दू शब्द लिहिते. परवा तिने आम्हाला विचारले, नॉमिनी म्हणजे वारस ना? आम्ही सांगितले, नाही बेटा. बँकेतल्या ठेवीबाबत २०१० साली आणि शेअरबाबत डिसेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितले आहे की, नॉमिनी फक्त रक्कम किंवा शेअर ताब्यात घेतो, हक्क वारसांचाच राहतो. विम्यात मात्र २०१५ च्या दुरुस्तीनंतर आई-वडील, नवरा-बायको किंवा मुले नॉमिनी असतील तर रक्कम त्यांचीच होते. तिने 'वारस' शब्द खोडला आणि पेन्सिल तोंडात धरून बसली. तिथे कोणता शब्द लिहावा, ते आम्हालाही चटकन सुचले नाही.