कार्यक्रम पार पडल्यावरच कळणारे शहर

विटा : विजयादशमीला विट्यात पालखीची वाट कोणाला विचारावी लागत नाही. मूळस्थानच्या आणि विट्याच्या अशा दोन रेवणसिद्धांच्या पालख्यांची शर्यत पाहण्यास पंचक्रोशी लोटते. या शर्यतीला जाहिरातीची गरज भासत नाही. आश्विन शुद्ध दशमी ही तिथीच तिची जाहिरात. याच शहरात एखाद्या लेखकाचे व्याख्यान, हौशी मंडळींची एकांकिका किंवा चित्रांचे छोटेखानी प्रदर्शन असेल, तर पलीकडच्या पेठेतील रसिकाला त्याचा पत्ता बहुधा दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातून लागतो. बातमीचा शेवटही ठरलेला असतो : कार्यक्रम उत्साहात पार पडला.

'विट्यात काही घडतच नाही' ही तक्रार त्यामुळे अर्धीच खरी आहे. घडते, पण कळत नाही. याची किंमत मात्र पूर्ण मोजावी लागते. पन्नास खुर्च्यांपैकी पंधरा भरल्या, की 'इथे श्रोता नाही' असा निष्कर्ष संयोजक काढतात आणि पुढच्या वर्षी तोच निधी वाद्यवृंदाकडे वळतो. श्रोता नव्हता की त्याला निरोपच पोहोचला नव्हता, हे कोणी तपासत नाही.

जुन्या परंपरा या अडचणीतून कशा सुटल्या, हे पाहण्यासारखे आहे. विट्याच्या वायव्येस, खटाव तालुक्यातील औंधला अनंत मनोहर जोशी अर्थात अंतूबुवांनी आपले गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ १९४० मध्ये संगीत उत्सव सुरू केला. त्याची तिथी आश्विन वद्य पंचमी. दसऱ्यानंतर अवघ्या दहा दिवसांनी शास्त्रीय संगीताची ही मैफल भरते, हे एकदा कळले की आयुष्यभर पुरते. पलूस तालुक्यातील औदुंबर येथे कवी सुधांशू यांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या सदानंद साहित्य मंडळाने आपल्या संमेलनासाठी मकर संक्रांत निवडली. कृष्णाकाठच्या त्या छोट्या गावाकडे साहित्यप्रेमींची पावले कोणत्या दिवशी वळतात, हे जिल्ह्यातील वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही. गावोगावच्या यात्रांचेही तसेच. कोणत्या गावची यात्रा कधी, कुस्त्यांचे मैदान कोणत्या दिवशी, हे सारे खानापूर-आटपाडी भागातील माणसाला तोंडपाठ असते. गजीढोल पाहायचा तर यात्रा गाठावी, एवढे त्याला पुरते.

नव्या उपक्रमांकडे अशी तिथी नसते. त्यांची तारीख पाहुण्याच्या सवडीवर, सभागृहाच्या उपलब्धतेवर आणि (हे मान्य करायला हवे) एखाद्या नेत्याच्या दौऱ्यावर ठरते. ती आठवडाभर आधी निश्चित झाली तरी पुष्कळ. मग घाईने फलक लागतो. त्यावर डझनभर शुभेच्छुकांचे चेहरे ठळक असतात आणि स्थळ व वेळ मात्र तळाशी, दुचाकीवरून जाताना वाचता येणार नाही अशा अक्षरात. मोबाइलवरील गटांनी निरोप झटपट जातो खरा, पण तो आधीच्याच ओळखीच्या वर्तुळात फिरतो. ज्याला ठाऊक असते त्यालाच तो पाच वेळा मिळतो.

वर्तुळाबाहेर राहणाऱ्यांची संख्या या शहरात थोडी नाही. २०११ च्या जनगणनेनुसार विट्याची लोकसंख्या पन्नास हजारांच्या आत असली, तरी विटेकरांचा संसार देशभर पसरलेला आहे. दुष्काळाने पिचलेल्या या पट्ट्यातील माणसे सोन्या-चांदीच्या गलाईच्या व्यवसायासाठी काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत गेली. टेंभू योजनेचे पाणी अलीकडे शिवारात आले, पण परगावची दुकाने काही बंद झाली नाहीत. ही कुटुंबे सणाला, यात्रेला, लग्नसराईला गावी येतात. परप्रांतात शिकणाऱ्या त्यांच्या मुलांना पालखी दाखवली जाते, कारण ती वडिलांच्या स्मरणात असते. गावात आज नाटक होते, कविता वाचली जाते, हे त्या मुलांना कोण सांगणार? यंत्रमागावर पाळीने राबणारा कामगार आणि मोबाइलवरील गटांत सहसा नसलेली गृहिणी यांची स्थितीही फारशी वेगळी नाही.

मुंबई-पुण्यात नाटकांच्या जाहिरातींचे पान पाहून रविवारचा बेत ठरवण्याची पद्धत पिढ्यान् पिढ्या चालत आली. तालुक्याच्या गावाला असे पान कधी मिळाले नाही. मोठ्या शहरांच्या आवृत्तीत 'आजचे कार्यक्रम' हे सदर असते. ग्रामीण पानावर आधीच्या सूचनेपेक्षा नंतरच्या छायाचित्राला अधिक जागा मिळते. संयोजकांनाही तेच हवे असते. छायाचित्रात ते स्वतः असतात, सूचनेत नसतात.

विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत 'सीता स्वयंवर' रंगवले, तेव्हापासून हा जिल्हा नाट्यपंढरी म्हणवतो. ५ नोव्हेंबरचा रंगभूमी दिन त्याच प्रयोगाचे स्मरण. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी सांगली केंद्रावर रंगते, तेव्हा हौशी कलावंतांची अनेक नवी नाटके तेथे पाहायला मिळतात. विट्याच्या महाविद्यालयीन तरुणांना त्याचे वेळापत्रक आधी मिळाले, तर किती जण जातील हा प्रश्न निदान विचारता तरी येईल.

उपाय खर्चिक नाही. नगरपरिषदेने किंवा सार्वजनिक वाचनालयाने तालुक्याची एक वही ठेवावी. तारीख ठरवण्यापूर्वी प्रत्येक संस्थेने ती पाहावी आणि ठरल्यावर तीत नोंद करावी. एकाच संध्याकाळी दोन व्याख्याने आणि पुढे महिनाभर शुकशुकाट, हा प्रकार त्यातून थांबेल. महिन्याचे एक पत्रक बस स्थानकावर, यंत्रमागांच्या वसाहतीत आणि बाजाराच्या दिवशी मंडईत लागावे. गलाई बांधवांच्या परगावच्या संघटनांकडे तेच पत्रक दसऱ्याच्या महिनाभर आधी गेले, तर गावी येण्याचे दिवस ठरवताना त्याचा विचार होईल. त्यात कार्यक्रम सुरू होण्याइतकीच संपण्याची वेळही ठळक छापायला हवी. भाळवणी, लेंगरे किंवा खानापूरहून येणारा प्रेक्षक नाटकाचे नाव वाचण्याआधी परतीची शेवटची एसटी मिळेल का, हे पाहतो.