सराफ्याची रात्र कुणाची?

इंदूरला निघालेल्या माणसाला पहिला सल्ला मिळतो तो खाण्याचाच. सकाळी पोहे-जिलबी, रात्री सराफा, मधला दिवस उज्जैनला महाकालाच्या दर्शनाला. या हिशेबात राजवाडा फोटोपुरता येतो आणि होळकरांचं शहर बघायचं राहून जातं. ते दुःख वेगळं. आज प्रश्न असा आहे, की ज्या सराफ्यासाठी ही झुंबड उडते, तिथल्याच सराफांनी रात्रीची चौपाटी इथून हलवा, अशी मागणी लावून धरली आहे. तिच्याकडे कानाडोळा करून चालणार नाही.

राजवाड्यापासून चालत पाच मिनिटांवर ही गल्ली. दिवसभर इथं सोन्या-चांदीचा व्यवहार. संध्याकाळ कलली की तराजू उचलले जातात, शटर खाली येतात आणि त्याच ओट्यांवर, त्याच शटरना पाठ लावून कढया चढतात. मध्यरात्र उलटली तरी त्या उतरत नाहीत. भुट्ट्याचा कीस तुपात परतून दुधात शिजतो. वरून लिंबू, कोथिंबीर, ओलं खोबरं. थंडीत गराडू येतो. हा एक कंद. आधी तळून ठेवलेले त्याचे तुकडे गिऱ्हाईक आल्यावर पुन्हा कढईत पडतात, कुरकुरीत होऊन निघतात आणि वर जीरावनाचा मसाला भुरभुरला जातो. उकळत्या तेलाची ती कढई आणि रांगेतल्या माणसाची कोपरं यांत हातभरसुद्धा अंतर नसतं. गराडूची चव मला प्रिय आहे, पण खाताना नजर त्या हातभर अंतरावरच जाते.

ही रीत कशी पडली याची गोष्ट इंदुरी माणूस हमखास सांगतो: रात्री गल्ली जागती राहावी, चोराचिलटांचं भय राहू नये, म्हणून सराफांनीच खाद्यवाल्यांना दारात बसू दिलं. गोष्ट खरी धरली, तर सराफांचा आजचा युक्तिवाद समजतो. आता कॅमेरे आहेत, तिजोऱ्या आहेत, विमा आहे. राखणीची गरज संपली आणि राखणदारांची संख्या मात्र वाढतच गेली. दुकान बंद व्हायच्या आधीच गाड्या येऊन उभ्या राहतात. लग्नसराईत ऐन खरेदीच्या वेळी गिऱ्हाइकाला पिशवी छातीशी धरून गर्दीतून वाट काढावी लागते. सकाळी ओटा तेलकट, शटरवर काजळी. जागा ज्याची, त्यालाच पाहुण्यासारखं अंग चोरून वावरावं लागत असेल, तर त्यानं तक्रार केली म्हणून त्याला खडूस ठरवण्यात अर्थ नाही.

त्याहून मोठी भीती आगीची. इंदूरला ही भीती पुस्तकातून शिकावी लागत नाही. राजवाड्याचे वरचे मजले लाकडी. 1801 मध्ये शिंद्यांच्या फौजेनं शहर लुटलं तेव्हा तो जळला, आणि 1984 च्या दंगलीत दर्शनी भागामागचा वाडा पुन्हा आगीच्या तोंडी गेला. फेब्रुवारी 2024 मध्ये मध्य प्रदेशातल्याच हरद्याच्या फटाका कारखान्यात स्फोट झाला आणि सराफ्यातल्या सिलिंडरांची चर्चा परत सुरू झाली. दाटीची घरं, अरुंद तोंडाची गल्ली, ओळीनं मांडलेल्या शेगड्या आणि त्यांच्या मध्ये हजारो माणसं. यातला धोका ओळखायला कोणी तज्ज्ञ लागत नाही. एक गोष्ट मात्र सराफांनीही मोकळेपणानं मान्य करावी. दागिने घडवणाऱ्या कारागिरांच्या माड्यांवरही गॅसची ज्योत पेटतेच. धोक्याची मोजदाद करायची तर ती खालची आणि वरची, दोन्ही व्हायला हवी.

मग चौपाटी उचलून मोकळ्या मैदानात नेली तर? इंदूरचीच ‘छप्पन दुकान’ या प्रस्तावाच्या बाजूनं साक्ष देते. त्या रस्त्यावरून वाहनं काढली, फरसबंदी केली, बसायला जागा केली; आज तिथं लहान मुलांना, म्हाताऱ्यांना घेऊन निवांत खाता येतं. 2017 पासून स्वच्छतेत सलग आठ वेळा देशात पहिल्या आलेल्या या शहराला असं नवं आवार उभारणं अवघड नाही. पण छप्पन दुकान हा दुकानांचाच रस्ता होता, त्याला फक्त नेटकं केलं. सराफ्याचं तसं नाही. एकाच ओट्याचा दिवस एकाचा आणि रात्र दुसऱ्याची, आणि त्या रात्रीवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली घरं, हे गणित मैदानात नेऊन मांडता येत नाही. कढई हलेल, हक्काचं गिऱ्हाईक हलेलच असं नाही. राजवाड्याभोवती फिरून, कपड्यांची खरेदी आटोपून माणूस पाय ओढत सराफ्यात शिरतो. दूरच्या आवारात तो मुद्दाम गाडी काढून जाईल का?

मधला तोडगा म्हणून ‘फक्त पारंपरिक पदार्थ’ हा निकष पुढे आला: मोमो, नूडल्स, धूर सोडणाऱ्या आइसक्रीमची नाटकं बाहेर, कीस, गराडू, मालपुवा, दहीवडे आत. ऐकायला गोड आहे, मलाही ते आइसक्रीम नको आहे. पण परंपरेची हद्द आखणार कोण? इथली साबुदाण्याची खिचडी घ्या. आपल्याकडची उपासाची, पण इंदुरात तिच्यावर फराळी चिवडा पडतो, जीरावन पडतं, आणि ती रात्री अकराला उपास नसलेली माणसं खातात. मराठी घरांतली ही खिचडी इथं कधीतरी नवीच असणार. शिवाय सुरक्षेच्या दृष्टीनं पाहिलं तर मोमोच्या वाफेपेक्षा गराडूचं तेल अधिक घातक. निकष चवीचा लावला तर वाद चवीचाच होईल, आणि आगीचा प्रश्न जागच्या जागी राहील.

शिवाय सगळा दोष गाड्यांवर ढकलणंही सोपं आहे. ऑक्टोबर 2022 मध्ये महाकाल मंदिरालगतचा ‘महाकाल लोक’ हा परिसर खुला झाला आणि उज्जैनकडे जाणारा ओघ फुगला. त्यातले पुष्कळ जण मुक्काम इंदुरात करतात. पुण्या-मुंबईहून येणारे आपणही त्यातच, आणि शनिवारची रात्र गाठून, मोबाइल उंच धरून दहीवडा हवेत उडताना टिपण्यासाठी गल्लीच्या मधोमध उभे राहणारेही आपणच. मंगळवारी गेलं तरी गराडू तोच मिळतो. संध्याकाळी कृष्णपुऱ्याच्या छत्र्या पाहाव्यात, खजुरी बाजारात पुस्तकं चाळावीत, आणि गाड्या लागण्याआधी तासभर सराफ्यातून सराफा म्हणून एक फेरी मारावी.

माझा कौल चौपाटी जागेवर ठेवण्याच्या बाजूनं आहे, पण आजच्या आकारात नाही. जुन्या गाड्यांना ओट्याच्या मालकाच्या लेखी संमतीनं परवाना द्यावा, भरलेले जादा सिलिंडर गल्लीत साठवू देऊ नयेत, मधली वाट मोकळी राखावी, आणि दुकान मिटल्याशिवाय कढई चढू नये. ज्यांना जागा सोडावी लागेल त्यांना जवळच पर्याय मिळावा. गावाबाहेरचा तुकडा दाखवून त्यांची बोळवण नको. राहता राहिला गाड्या किती हा प्रश्न. तो बैठकीत सुटणार नाही. एखाद्या शनिवारी रात्री दहा वाजता, कोणालाही आगाऊ न कळवता, महापालिकेनं अग्निशमनाची गाडी राजवाड्याकडून सराफ्यात घालून पाहावी. ती कुठवर पोचली आणि किती मिनिटांत, एवढं कळलं की आकडा ठरवायला फार वेळ लागू नये.