कपाळावरच्या आठ्या आणि बिलावरचा कर

दिल्लीकर थंडीत मनापासून ऊन खातात. जानेवारीत धुकं विरून ऊन पडलं की लोधी गार्डनची हिरवळ, सोसायट्यांच्या गच्च्या, पार्कातले बाक भरून जातात. भुईमुगाच्या शेंगा, संत्री, विणकाम आणि तोंड थेट सूर्याकडे. मे महिन्यात हीच माणसं डोळे सोडून सगळा चेहरा ओढणीत गुंडाळतात. चटका बसत नाही म्हणून थंडीतलं ऊन निरुपद्रवी, असा आपला समज. चेहऱ्यावर अकाली सुरकुत्या आणण्यात ज्यांचा मोठा हात असतो ते यूव्हीए किरण मात्र बारमाही असतात आणि खिडकीच्या काचेतूनही आत येतात. 2012 साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात 69 वर्षांच्या ट्रकचालकाचा फोटो छापून आला होता. 28 वर्षं ट्रक चालवलेल्या त्या माणसाचा खिडकीकडचा डावा गाल उजव्यापेक्षा कितीतरी म्हातारा दिसत होता. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे. तेव्हा रोज नोएडा-गुरुग्राम करणाऱ्यांनी आरशात आधी उजवा गाल बघावा.

2025 च्या फेब्रुवारीत तालकटोरा स्टेडियमवर साहित्य संमेलन झालं, तेव्हा महाराष्ट्रातून बऱ्याच जुन्या मैत्रिणी आल्या. एकीचं कपाळ कसं गुळगुळीत! दुसरी लगेच माझ्या कानाला लागली, "काहीतरी केलंय गं हिने." हे सांगणारीचे केस काळेभोर रंगवलेले. केस रंगवले तर ती टापटीप आणि कपाळाला सुई टोचली तर ती लपवाछपवी, हा न्याय मला कधी कळला नाही. मैत्रीण छान दिसत होती. तिचे पैसे, तिचं कपाळ.

मला रस होता तो वेगळ्याच गोष्टीत. तिने नेमकं काय केलं आणि ते माझ्या रेघांना चालेल का? म्हणून दक्षिण दिल्लीतल्या एका चकचकीत क्लिनिकमध्ये गेले. तिथे डॉक्टरांच्या आधी 'काउन्सेलर' भेटली. माझा चेहरा धड न बघताच तिने बोटॉक्स, फिलर आणि लेझर असं तिन्हींचं पॅकेज पुढे केलं. आज ठरवलं तर सवलत म्हणे! मी चहा पिऊन परत आले.

नंतर एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेले, तर त्यांनी आधी आरसाच हातात दिला. "कपाळाला आठ्या घाला. आता सैल सोडा." सैल सोडल्यावर ज्या रेघा नाहीशा होतात, त्या स्नायूंच्या. बोटॉक्सचं काम तिथे. त्यातलं बोट्युलिनम हे जिवाणूने बनवलेलं जहाल विष. अत्यल्प प्रमाणात टोचलं की मज्जातंतूचा निरोप स्नायूपर्यंत पोचत नाही आणि स्नायू आकसायचा थांबतो. आधी ते तिरळ्या डोळ्यांवर वापरत, भुवयांमधल्या आठ्यांसाठी अमेरिकेत मान्यता मिळाली ती 2002 मध्ये. परिणाम तीन-चार महिने टिकतो, मग पुन्हा सुई आणि पुन्हा बिल. चेहरा सैल सोडूनही ज्या रेघा तशाच राहतात, तिथे एकट्या बोटॉक्सने फारसं भागत नाही. खोलगट जागी फिलर भरतात. ते चुकून रक्तवाहिनीत गेलं तर कातडी मरते, क्वचित दृष्टीही जाते. लेझर आणि रसायनाने कातडी सोलणाऱ्या पीलचं आपल्या गव्हाळ-सावळ्या वर्णाला निराळंच भय. सुरकुती जायची आणि जागेवर काळा डाग राहायचा.

म्हणूनच सुई कुणाच्या हातात आहे, हे विचारायला लाजू नये. पाटीवर 'कॉस्मेटॉलॉजिस्ट' लिहिलेलं असतं, पण त्या नावाची एमडी नाही. खऱ्या एमडीचं नाव त्वचारोग, गुप्तरोग आणि कुष्ठरोग असं अगदीच बिनग्लॅमरचं आहे. (पाटीवर ते का लिहीत नाहीत, हे कळण्याजोगं आहे.) यूट्यूबवर बघून किंवा कार्यशाळेला हजेरी लावून असे उपचार सुरू करता येत नाहीत, हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला 2022 मध्ये लेखी सांगावं लागलं, यावरून काय ते समजा. शिवाय आपल्या एनसीआरची गंमत अशी, की दिल्लीच्या डॉक्टरची तक्रार दिल्लीकडे, गुरुग्रामची हरियाणाकडे आणि नोएडाची उत्तर प्रदेशकडे. मेट्रो एकच, दारं तीन.

बाईंनी मला सुई टोचलीच नाही. रात्री लावायची ट्रेटिनॉइनची ट्यूब लिहून दिली. मुलींना देऊ नका, गरोदरपणात ती चालत नाही, हेही बजावलं. दिवसा सनस्क्रीन, थंडीतसुद्धा. ऑस्ट्रेलियात नऊशेवर माणसांना साडेचार वर्षं तपासून 2013 मध्ये निष्कर्ष छापला गेला, की रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेचं म्हातारपण 24 टक्क्यांनी कमी होतं. एवढ्या स्वस्त उपायाचं पॅकेज कोण विकणार?

सुई हवीच असेल त्यांनी बजेट करताना एक लक्षात ठेवावं. निव्वळ सौंदर्यासाठीच्या उपचारांना वैद्यकीय सेवेची जीएसटी माफी नाही. बिलावर कर चढतो आणि विमा कंपनी त्यातला एक पैसाही देत नाही. सुरकुती हा आजार नाही, यावर सरकार आणि विमेवाले यांचं एकमत आहे.