दुकानाचा बंद वार

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास मोटारींसकट माणसें नेणारी बोट मार्च 2020 मध्यें सुरू झाली आणि मुंबईचा पैसा अलिबागेच्या अधिकच जवळ आला. किहीम-आवासच्या बाजूस बंगले उठले आहेत, आणि शनिवार-रविवारीं पेठेंत पाऊल ठेवण्यास जागा नसते. या भरभराटीचें जो तो कौतुक करतो. पण रात्रीपर्यंत उभ्यानें कापड उलगडून दाखविणारीं मुलें कोणाचीं, त्यांचा सुटीचा वार कोणता, हें कोणी विचारल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

पूर्वीं तें विचारावें लागत नसे. दुकानांतील नोकरांसाठीं हिंदुस्थानांत पहिला कायदा झाला तो मुंबई इलाख्यांत, 1939 सालीं, बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाच्या वेळीं. पुढें 1948 सालीं त्याची जागा अधिक विस्तृत कायद्यानें घेतली. दुकान उघडण्या-मिटण्याच्या वेळा ठरल्या, आणि आठवड्याचा एक वार बंद. 'गुरुवारीं बंद' ही पाटी म्हणजे मोठी खुबीची वस्तु होती! कायदा पाळला जातो कीं नाहीं, हें सरकारी निरीक्षकाआधीं रस्त्यानें जाणाऱ्या शाळकरी पोरासही कळे.

2017 च्या कायद्यानें सर्वसाधारण दुकानांस वर्षाचे 365 दिवस उघडें राहण्याची मुभा मिळाली. नोकरास दिवसाचे 9 तास, आठवड्याचे 48, जादा कामास दुप्पट मजुरी आणि एक दिवस सुटी, हें सर्व कागदावर राहिलें. पण पाटी गेली, आणि सुटीचा हिशेब हजेरीपटांत जाऊन बसला. शिवाय 2017 च्या या कायद्यानें हे हक्क 10 किंवा अधिक नोकर असतील तेथेंच दिले होते. त्याहून लहान दुकानदारानें सरकारास नुसती सूचना दिली कीं झालें. सप्टेंबर 2025 मध्यें राज्य मंत्रिमंडळानें 10 ची ही मर्यादा 20 वर नेण्यास व 9 तासांचे 10 करण्यास मान्यता दिली. मुरूड, रेवदंडा, श्रीवर्धन येथें 20 नोकरांचीं दुकानें किती निघतील? वाचकांनीं आपल्या वाण्याकडचे व कापडवाल्याकडचे नोकर एकदां मोजून पाहावे.

मोठ्या साखळी-दुकानांस कायदा लागू असतो. तेथील प्रश्न निराळा. डी-मार्ट चालविणाऱ्या कंपनीची 2024-25 ची विक्री 59 हजार कोटींच्या वर, तर निव्वळ नफा 2,700 कोटींच्या घरांत होता. धंदा वाढला याचा हेवा कोणी करूं नये. असले आकडे दर तिमाहीस छापून येतात, आणि आपल्यापैकीं कित्येकांच्या घरीं अशा कंपन्यांचे शेअर असल्यानें ते आवडीनें वाचलेही जातात. गल्ल्यावरील मुलीच्या पगाराची गोष्ट मात्र जेवतांना कधीं निघत नाहीं. किमान वेतनाहून रुपया कमी दिला नाहीं कीं कायद्याचें समाधान होतें. पनवेलीस खोलीचें भाडें देऊन त्यांत घरीं काय पाठवितां येतें, हें पाहणें कायद्याचें काम नव्हे.

केरळांत कोळिकोडच्या पेठेंतील विक्रेत्या स्त्रियांना गिऱ्हाईक नसतांही बसूं देत नसत. देहधर्माची सोय नाहीं म्हणून पाणी पिण्याचेंही टाळावें लागे. त्यांनीं संघटना केली, आणि 2018 सालीं त्या राज्यानें बसण्याचा हक्क कायद्यांत घातला; 2021 मध्यें तामिळनाडूनेंही तेंच केलें. स्टुलासाठीं कायदा करावा लागला!

गौरी-गणपतीच्या खरेदीस आमच्या भगिनी बाहेर पडतील, तेव्हां त्यांनीं साडी दाखविणाऱ्या मुलीस तिचा सुटीचा वार अवश्य विचारावा. मालक ऐकत असेल तर अधिकच बरें.