टॅलीच्या पुढचा हिशेब

दहावीचा निकाल लागला की आपल्या मोहल्ल्यांत एक सल्ला फुकट मिळतो. मार्क चांगले असतील तर सायन्स, नाहीतर कॉमर्स; पुढे बी.कॉम. कर, टॅली शीक आणि दुकानावर बस. अर्थशास्त्राचे नाव काढले की प्रश्न येतो, त्यात नोकरी कुठली? सोबत इतिहास, तत्त्वज्ञान शिकायचे म्हटले तर ते श्रीमंतांचे चोचले.

हे अगदीच खोटे नाही. लिबरल आर्ट्स शिकवणाऱ्या आपल्याकडच्या नव्या खाजगी विद्यापीठांची फी सामान्य घराला परवडत नाही. पण हे शिक्षण गरिबांसाठी नसतेच, हे मला मान्य नाही.

अमेरिकेतल्या केंटकी राज्यात बेरिया नावाचे कॉलेज आहे. गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या जॉन फी या पाद्र्याने ते १८५५ साली सुरू केले. विद्यार्थी साधारण दीड हजार, बहुतेक गरीब घरांतले. १८९२ पासून तिथे शिकवण्याची फी घेत नाहीत. मात्र प्रत्येकाला आठवड्याला किमान १० तास काम करावे लागते. कोणी वाचनालयात, कोणी कार्यालयात, कोणी कॉलेजच्याच हॉटेलात, कोणी हातमागावर, तर कोणी झाडू बांधायला. व्यवसाय किंवा अर्थशास्त्र शिकणाऱ्याला उत्पादन खर्च आणि मजुरी या गोष्टी पुस्तकाबाहेरही भेटतात.

या कॉलेजात काळे-गोरे एकत्र शिकत. १९०४ मध्ये राज्याने कायदा करून ते बंद पाडले आणि १९०८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो कायदा उचलून धरला. १९५० मध्ये दार पुन्हा उघडले. बाजारात कोण उतरणार आणि कोण दाराबाहेर राहणार, हे नुसती मागणी आणि पुरवठा ठरवत नाहीत. त्यासाठी इतिहास वाचावा लागतो.

आपल्याला हे जास्तच लागू आहे. मुस्लिम कामगारांत स्वयंरोजगाराचे प्रमाण जास्त आणि बँककर्जातला वाटा कमी, हे सच्चर समितीने २००६ मध्येच सांगितले. मालेगाव-भिवंडीत व्यापाऱ्याचे सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देणारा मागवाला घ्या. आलेली मजुरी टॅलीत भरता येते. पण दर तो का ठरवू शकत नाही, बँक त्याला दारात का उभे करत नाही, हे टॅली सांगत नाही. इब्न खल्दूनने १३७७ साली 'मुकद्दिमा'त करवाढीने उत्पन्न कसे घटते ते मांडले, तेही इतिहास लिहिता लिहिता. त्याचे नाव आपण जलशांत मोठ्या अभिमानाने घेतो.

बेरियाकडे शंभर कोटी डॉलरहून मोठा निधी आहे, आपल्या संस्थांकडे नाही. फी माफ करणे त्यांना जमणार नाही, हे कबूल. पण छोट्या गावातले कला-वाणिज्य महाविद्यालय आपल्याकडेही आहे, आणि नव्या धोरणाने मेजर-मायनर आणल्यामुळे कॉमर्सच्या मुलाला इतिहासही घेता येतो (निदान कागदावर). कामाची सोयही करता येईल. संस्था कार्यालयात, वाचनालयात बाहेरची माणसे ठेवतातच. तो पैसा आणि देणगीतला काही भाग (जकातीचा नव्हे, तिचे नियम वेगळे) विद्यार्थ्यांना कामाचा मोबदला म्हणून द्यावा. कॉलेजचे हिशेब शेवटच्या वर्षाच्या मुलींनी लिहावेत, तास संपल्यावर आणि शिक्षकाच्या देखरेखीखाली. महिन्याला चार पैसे घरी आले, तर 'आता पुरे झाले शिक्षण' हे वाक्य वर्षभर तरी लांबेल.